सुरमईची तुकडी

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, वाढताना माणूस बघून वाढायच्या. त्या साली त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे पेठला आली होती. मलाही दिवस होते, पण माझं दुसरं, म्हणून मी सासरीच. मंचरला तेव्हा बर्फातल्या मासळीचा गाडा नुकता लागायला लागला होता. त्यावरची सुरमई वन्संना. मला मांदेली, बोटाएवढी, वाट्यावर विकतात ती.

"तुला काय, बारक्याचीच सवय," आत्याबाई म्हणायच्या. "तुझ्या माहेरी सुरमई कुणी बघितली व्हती का?"

नव्हती बघितली, खरं आहे. पण मेल्या जिभेला ते कळतं का? एकदा वन्संची तुकडी तळून झाल्यावर मी त्या तव्यातलं तेल भाकरीनं पुसून खाल्लं. आत्याबाईंनी पाहिलं आणि आळीतल्या बायांना हसून हसून सांगितलं.

पुढं तपासायला आम्ही तिघी मंचरला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काय खाता, असं त्यांनी विचारलं. आत्याबाईंनी मोठ्या तोऱ्यात लेकीची सुरमई सांगितली.

"अहो, रोज कशाला? एवढ्या मोठ्या माशाच्या अंगात पारा साठलेला असतो. पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो वाईट. एखाद्या वेळी ठीक आहे. त्यापेक्षा मांदेली द्या. स्वस्त, काट्यासकट खाता येते, आणि बाळाची हाडं भरतात."

अगं बाई, इतकं गार वाटलं मला! हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. 

संध्याकाळी पुरुषांची जेवणं उरकल्यावर आम्ही बसलो. मांदेलीचं अख्खं कालवण वन्संच्या ताटाशी गेलं. माझ्या ताटात सुरमईची जाडजूड तुकडी पडली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

"खा," आत्याबाई गोड हसल्या. "लई डोहाळं लागलं व्हतं ना?"

अंगाची नुसती लाही झाली. माझं सोडा, पण पोटातलं त्यांच्याच लेकाचं होतं ना? मी तुकडी उचलली आणि वन्संच्या ताटात ठेवली.

"वन्सं, तुमीच खावा. एका तुकडीनं काय व्हतंय?"

आत्याबाईंनी झडपच घातली. लेकीच्या ताटातून तुकडी काढली, तिचं तेल जिथं लागलं होतं तेवढा भातही खरवडून काढला, आणि सगळं माझ्या ताटात आणून टाकलं.

"गिळ आता," म्हणाल्या.