तीन बोटांपुरतं संगीत

मन्मथच्या मुलीचा, गौरीचा फोन आला तेव्हा मी दुकानात नव्या पुस्तकांना कव्हरं घालत होतो. "काका, अप्पा गेले..." एवढंच ती बोलली आणि पुढं नुसता श्वास ऐकू येत राहिला. मन्मथ वडवणीला मेव्हण्याकडे गेला होता. परतीच्या बससाठी स्टँडवर उभा असताना छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आतच सगळं आटोपलं. केजच्या मेन रोडवर त्याचं कापडाचं दुकान आणि माझं वह्या-पुस्तकांचं, मधे एक भिंत. तीस वर्षांची दोस्ती. आणि फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता त्याचा माझ्यावरचा राग कायमचाच राहिला. लिहायला लाज वाटते, पण मनात आलं ते असं.

मन्मथ पुण्याला बी.कॉम. करताना एका म्हाताऱ्या मास्तरांकडे क्लासिकल गिटार शिकला होता. शिकून गावी आला तेव्हा लोकांना वाटलं, हा सिनेमातली गाणी वाजवणार. तो वाजवायचा ते वेगळंच. अंगठ्यानं खालचे सूर धरून ठेवायचा आणि करंगळी सोडून उरलेली तीन बोटं एकाच तारेवर इतक्या झपाट्यानं फिरवायचा, की सूर तुटतोय हेच कळू नये. दुकान उघडण्याआधी सकाळी मी भिंतीला पाठ लावून ऐकत बसायचो. समजायचं काही नाही, पण दिवस बरा जायचा.

मग तो बंदचा दिवस आला. गौरी तेव्हा दोन-अडीच वर्षांची असेल. सकाळी आम्ही अर्धी शटरं वर ठेवून धंदा करत होतो. बाराच्या सुमाराला चौकाकडून आरडाओरडा आला, पाठोपाठ काचा फुटल्याचा आवाज. मी माझं दुकान ओढून घेतलं आणि त्याच्याकडे धावलो. तो आत होता, एक म्हातारी गिऱ्हाईक अंगाचं मुटकुळं करून गाठोड्यांच्या मागं बसली होती. "वढ, वढ लवकर!" तो आतून ओरडला. मी दोन्ही हातांनी शटर धरलं आणि सगळा भार टाकून खाली खेचलं. त्याच क्षणी उंबऱ्याबाहेर पडलेला कापडाचा तागा आत घ्यायला त्यानं उजवा हात बाहेर काढला होता; शटर बोटांवरच आदळलं. मला तो हात दिसला नाही... की दिसला आणि मी घाबरून थांबलो नाही? आजही मला सांगता येत नाही.

मोठा दवाखाना अंबाजोगाईला, आणि तो रस्ता बंद होता. मोटरसायकलवर त्याला मागं बसवून मी शेतातल्या पायवाटांनी निघालो. त्याचा हात टॉवेलात गुंडाळलेला, हनुवटी माझ्या खांद्यावर. एका वळणावर पेटत्या टायरापाशी सात-आठ पोरं आडवी आली. "कुठं निघाला बे? गाडी बंद कर!" मी काही बोलायच्या आत मन्मथनं तो लाल झालेला टॉवेल वर उचलला. पोरं बाजूला सरली. दवाखान्यात बाकीची बोटं वाचली. अनामिका दोन पेरांवरून गेली.

गिटार कपाटावर गेली. आम्ही बोलायचो, म्हणजे भाव, पाऊस, लग्नाच्या तिथी. भिंतीपलीकडून कसलाच आवाज यायचा नाही. त्याची बायको, सुमनवहिनी, चहा पाठवायच्या, मी तो पिऊन कप परत करायचो, पण दुकानाला लागूनच असलेल्या त्यांच्या घरातल्या आतल्या खोलीचा उंबरा मी सतरा-अठरा वर्षं ओलांडला नाही. मी माफी मागितली नाही. तोंड उघडलं तर तो काय बोलेल, याची भीती होती.

पुढं गौरी पुण्याला शिकायला गेली. एक दिवस भर दुपारी मन्मथ माझ्या दुकानात आला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक माणूस वाद्य वाजवत होता. अर्ध्या कलिंगडासारखं पोट, तारा जोडीजोडीनं लावलेल्या. "गौरीनं धाडलंय. ल्यूट म्हणत्यात ह्याला. चारशे वर्सांमागचं हाय," तो म्हणाला. "बोटं मोज."

मला वाटलं, एवढ्या वर्षांनी हा मला टोचायला आलाय. "कावून मोजायची?" मी विचारलं.

"मोज म्हणलं ना बे!"

मी मोजली. वाजवत होती तीनच, अंगठा आणि शेजारची दोन. करंगळी लाकडावर टेकलेली. आणि अनामिका नुसती बसून होती.

"सहा रेघांची वही हाय का तुझ्याकडं?" त्यानं विचारलं.

अशी वही नसते. इंग्रजीची चाररेघी असते. मी त्यात पट्टीनं दोन-दोन रेघा वाढवून द्यायला लागलो. ल्यूटचं संगीत लिहायच्या जुन्या लिपीत प्रत्येक रेघ म्हणजे एक तार आणि तिच्यावर बोट कुठं ठेवायचं त्याची अक्षरं. गौरी छापील कागद पाठवायची, तो त्यावरून वहीत उतरवून घ्यायचा. गिटारची तिसरी तार अर्धा सूर उतरवली, की ती अक्षरं गिटारवर चालतात, हे त्यानं स्वतः शोधून काढलं. जलद जागी अंगठा आणि तर्जनी आळीपाळीनं चालवायची. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्याचं ते अनामिकेचं थोटकं मधेच उचलायचं, तारेला लागायचं, आणि भिंतीपलीकडून मला एक खरखरीत आवाज यायचा, मग शिवी. दोन वर्षं मी ते ऐकलं. प्रत्येक खरखरीला माझ्या मुठी आपोआप आवळल्या जायच्या.

एका रविवारी सकाळी त्यानं मला आत बोलावलं. त्यानं एक संथ रचना वाजवली. तीन आवाज एकमेकांच्या मागून जाणारे, कुणीच पुढं पळत नाही, कुणीच मागं राहत नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हाताकडेच पाहत होतो. आता लागेल थोटकं, आता लागेल... लागलं नाही. तो थांबल्यावर माझ्या तोंडून गेलंच, "मन्मथ, राग हाय का रं अजून?"

त्यानं गिटारच्या काठावर हात ठेवला. मग म्हणाला, "वाजवताना न्हाई ऱ्हात. बंद केलं की येतो थोडा."

मला ते लई लागलं. पण त्यानं खोटं सांगितलं असतं तर मी पुन्हा त्या खोलीत गेलो नसतो. "मंग पुढल्या रविवारी येऊ का?" मी विचारलं. "ये की. तुला न्हाई वाजवून दावलं तर कुणाला दावू?"

त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे मन्मथला बसवून मातीत ठेवलं. डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं, उजवा हात मांडीवर. मी खाली उतरून त्या हाताला शिवलो. भावकीतल्या लोकांनी मला अडवलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी नेहमीच्या वेळेला, सात वाजता पाय आपसूक त्याच्या घराकडे वळले. दार वहिनींनी उघडलं. गौरी आतच होती. खोलीत त्याची खुर्ची जागच्या जागी होती. वाजवताना डाव्या पायाखाली घ्यायचा पाट होता, टाचेच्या जागी गुळगुळीत झालेला. ल्यूटच्या रचना तो इतक्या हळू आवाजात वाजवायचा, की त्या पंख्याच्या घरघरीत बुडून जायच्या, म्हणून तो वाजवायच्या आधी पंखा बंद करायचा आणि आम्ही भर उन्हाळ्यातही घामानं निथळत बसायचो. मी सतरंजीवर बसलो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीपाशी गेल्या आणि पंख्याचं बटण बंद केलं. पाती फिरत फिरत थांबली. गौरी दाराशी टेकली.

पूर्वी गिटार पेटीत गेली, की मी लगेच उठायचो, त्याचा राग परत यायच्या आत. आता मी बसून होतो. पाठीवरून घामाची धार ओघळत होती, बाहेर दुकानांची शटरं उघडायला लागली होती, आणि उठायचं कधी ते मला कळत नव्हतं.