आत्याला आणायला उज्जैनला गेले, त्याची गोष्ट

मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला, त्या हिवाळ्यात बाबांनी मला उज्जैनला धाडलं. तुम्ही महाकाळाच्या दर्शनाला जात असाल. आम्ही नगरचे ख्रिस्ती, मी गेले सलोमीआत्याला घरी आणायला. आत्या तिथे मिशनच्या जनाना दवाखान्यात नर्स होती, बिनलग्नाची. तिथल्या डॉक्टर मडमसाहेब मायदेशी परतल्या, दवाखाना बंद झाला आणि आत्याला क्वार्टर रिकामं करायचं होतं. "बाईमाणूस एकटी कशी राहणार? तिला घेऊनच ये," बाबा म्हणाले. माझे यजमान पुण्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेलेले, त्यामुळे मी मोकळीच होते.

मनमाडहून खंडवा आणि तिथून इंदूरची छोटी गाडी. घाटात कालाकुंड स्टेशनावर पानाच्या द्रोणात कलाकंद मिळायचा. मी दोन द्रोण घेतले, एक आत्यासाठी, आणि दोन्ही खाल्ले. इंदूरहून पुढे मोटार. आता बस तुम्हाला नानाखेड्याला सोडेल. तेव्हा स्टेशनाजवळ उतरून आठ आण्यांत टांगा फ्रीगंजला न्यायचा. तिथल्या कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं 'मध्य भारत' खरवडणं चाललं होतं.

आत्याचं क्वार्टर टॉवर चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. तिने एक ट्रंकसुद्धा भरली नव्हती. ते बघून मी तिला विचारणार होते, पण सकाळी तिने गरम पोहे-जिलेबी समोर ठेवली आणि मी तो विषय गिळला.

रविवारी उपासनेला मी माझी लग्नातली पांढरी साडी नेसले. आमच्यात नवरी पांढऱ्यातच असते. कुंकू नाही, आणि आमच्या घरी मंगळसूत्राऐवजी अंगठी. चर्चमध्ये आत्या तिच्या रोजच्या पांढऱ्या नर्सच्या साडीत बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत बसली. आठवडाभर घरोघर बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी ही बाई तिथे मात्र मुकाट. मंडळीत स्त्रियांनी गप्प राहावं, हा नियम. मग मडमसाहेब कशा पुढे उभ्या राहून वाचायच्या, मी विचारलं.

"त्या आधी गोऱ्या होत्या, मग बाई," आत्या म्हणाली.

परतताना शेजारच्या मालतीताई दारात भेटल्या. शिंदे सरकारच्या पदरी असलेल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. मला बघून त्यांचे डोळेच भरले.

"नर्सबाई, ही भाची न तुमची? किती दिवस झाले लग्नाला?"

"आठ महिने," मी म्हणाले.

"अरे राम. अन् जमाई कशाने गेले?"

"मोटारीने. पुण्याला."

त्यांनी मला छातीशी धरलं आणि रडायलाच लागल्या. मला वाटलं, माळव्यात विरहाला फारच मान आहे. आत्या मात्र हसता हसता पायरीवर बसली. पांढऱ्या साडीचा अर्थ तिने सांगितला तेव्हा मालतीताईंनी पदराने डोळे पुसले आणि आत्याकडे वळल्या.

"म्हणजे इतके साल आम्ही तुम्हाला विधवा समजून राहिलो? हळदीकुंकवाला नाही बोलावलं, म्हटलं तुम्हाला बुरं वाटेल."

"लग्नच नाही केलं हो मी."

"मग उज्जैन सोडून कशाला जाऊन राहिल्या? आमची मागची खोली खालीच पडली आहे, दरवाजा अलग आहे. माझे चारही लेकरं तुमच्या हातावर झाले. बस, रसोई तेवढी अलग ठेवा, सासूबाई आहेत न."

ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. आत्या नुसती म्हणाली, "भाडं सांगा."

संध्याकाळी क्षिप्रेच्या घाटावर मी तिला पुष्कळ विनवलं. बाबांना काय सांगू, सणासुदीला एकटी काय करशील, आजारी पडलीस तर? मला ती घरी हवी होती, हेही बोलून टाकलं. तिने माझा हात मांडीवर घेतला.

"इथे होते ती मडमची नर्स. नगरला आले तर भावाची बहीण. दोघांनीही मला मायेनेच ठेवलं असतं गं. पण आता मला कुणी ठेवायला नको. दाराशी टांगा थांबतो, बाई अडली आहे म्हणून हाक येते. ती हाक मला येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून ट्रंक भरली आणि मागच्या खोलीत नेऊन रिकामी केली. मालतीताईंच्या सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. त्यांनी पाणी विचारलं नाही, पण झाडू आणून दिला.

नगरला एकटीच उतरले. बाबा चिडले. मी त्यांना उज्जैनचं सगळं सांगितलं, आत्या घाटावर बोलली तेही. जेवायला बसलो. मला कळायला लागल्यापासून ते ताटावर प्रार्थना करताना म्हणायचे, "आमच्या निराधार भगिनीला सांभाळ." त्या दिवशी "आमच्या" म्हणून ते अडखळले. आम्ही डोळे मिटून थांबलो, भात निवत होता.

"आमच्या सलोमीला सांभाळ," बाबा म्हणाले. "आमेन."