काकासाहेबांच्या साखळ्या आणि कल्याणची बोटं

आमच्या गावात बर्फ पडत नाही, ही गोष्ट काकासाहेब सोडून सगळ्यांना मान्य आहे. गाव अकोले तालुक्यात, एका छोट्या घाटाच्या पायथ्याशी. पाऊस पडतो तो भातखाचरांचे बांध फुटेपर्यंत, थंडी पडते ती दात वाजेपर्यंत. बर्फ म्हणाल तर फक्त जत्रेत, गोळेवाल्याच्या गाडीवर. तरीही काकासाहेबांच्या घरात बर्फावर गाडी चालवताना चाकांना घालायच्या दोन लोखंडी साखळ्या आहेत. गावात आणखी कुणाकडे असतील तर दाखवा, मी मिशी काढतो.

काकासाहेबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर पेन्शनर मंडळींची सहल मनालीला गेली. बनुबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, गुडघ्यांमुळे गेल्या नाहीत. त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, येताना शाल आणा. हे परतले ते खांद्यावर पोतं घेऊन.

"शाल कुठं हाय?" बनुबाईंनी पोत्यात डोकावून विचारलं.

"अगं, ह्या चाकाला घालत्यात. बर्फात गाडी घसरत न्हाई."

"आपल्याकडं गाडी कुठं हाय?"

"मग बर्फ तरी कुठं हाय?" काकासाहेब म्हणाले, आणि आपण वाद जिंकला असं समजून आंघोळीला गेले.

साखळ्या जीपच्या मापाच्या होत्या. ह्यांच्याकडे लुना. त्यावरही त्यांचं उत्तर तयार होतं, गावात कुणाची ना कुणाची जीप असतीच. बनुबाई व्यवहारी बाई. त्यांनी एका साखळीने म्हैस बांधली आणि दुसरी गवताच्या गंजीवरची ताडपत्री उडू नये म्हणून वर टाकली. म्हैस मान हलवायची तसा खणखणाट व्हायचा आणि ओट्यावर बसलेले काकासाहेब प्रत्येक वेळी डोळे मिटून घ्यायचे.

ह्या सगळ्याला मी मनसोक्त हसलो आहे. मी इथल्या शाळेत मास्तर, घरची थोडी शेतीही बघतो, शेजारी राहतो, हसायचा हक्कच आहे माझा. पण ह्या वेडाच्या मुळाशी कल्याणची दोन बोटं आहेत, ती सांगितल्याशिवाय नुसतं हसणं बरं नाही.

कल्याण त्यांचा कंडक्टर, आमच्याच गावचा. बावीस वर्षांपूर्वी घाटात गाडी पंक्चर झाली. प्रवासी ओरडत होते, काकासाहेब घाईत होते. त्यांनी चाकामागे दगड लावला नाही. जॅकवरची गाडी घसरली आणि खाली कल्याणचा उजवा हात होता. दोन बोटं गेली. कल्याण एका शब्दाने बोलला नाही. "गाडी घसरली, त्याला कोन काय करनार," एवढंच म्हणायचा. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर हा माणूस मोकळा झाला असता.

त्यात चहाचा त्रास. आम्ही पाच जण सकाळी गोरक्षनाथच्या हॉटेलात बसतो. कल्याण सवयीने उजवा हात वर करून पंजा दाखवतो, पाच चहा. गोरक्षनाथ तीन आणतो. त्याला बावीस वर्षं सगळं माहीत आहे, पण दिसतील तितक्या बोटांचे चहा हा त्याच्या हॉटेलाचा नियम, आणि तो मोडायला तो तयार नाही. मग काकासाहेब खाली बघत म्हणतात, "मला नको आज." बावीस वर्षं त्यांना आज नकोच आहे. दुसरा बिनचहाचा मी, कारण मी कोपऱ्यात बसतो.

तेव्हापासून काकासाहेब चाक बदलायला शिकवतात. कुणी विचारो न विचारो. बाजाराच्या दिवशी स्टँडवर उभी असलेली कुठलीही गाडी गाठायची आणि सुरू. आधी माणसं उतरवा, रस्त्यापासून लांब उभी करा. हँडब्रेक ओढा, पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो सरकारी माणसासारखा असतो. चाकांना दगड लावा. नट जमिनीवरच सैल करा, गाडी उचलल्यावर हिसके देऊ नका. जॅकखाली फळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काढलेलं चाक लगेच गाडीखाली आडवं सरकवा, म्हणजे गाडी पडलीच तर चाकावर पडेल. हे ऐकताना एकदा एका नवऱ्या मुलाचा मुहूर्त टळला होता. तो अजून ह्यांच्याशी बोलत नाही.

त्यांची एकच इच्छा होती. बर्फ पडावा, गाडी अडावी, आणि कल्याणच्या डोळ्यांदेखत एकदा सगळं नियमाने करावं. बनुबाईंनी शेवटी मुदत घातली. "आकितीपर्यंत पडला बर्फ तर पडला. न्हाईतर आकितीला हैदरभाईला देनार." हैदरभाई म्हणजे भंगारवाला, आणि आकिती म्हणजे अक्षय तृतीया.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी कल्याणच्या नातीचं, निकिताचं, अकोल्याला लग्न होतं. मुहूर्त संध्याकाळी सहा पस्तीसचा. आम्ही चारला गावातल्या करणच्या जीपमधून निघालो. नवरी, तिची मामी, कल्याण, बनुबाई, मी आणि काकासाहेब. काकासाहेबांच्या मांडीवर पोतं. मामीला वाटलं आहेर आहे, तिने त्यालाही कुंकू लावलं. घरी साखळ्या ठेवल्या तर हैदरभाई आजच उचलून नेईल ह्या भीतीने त्यांनी म्हैस धोतराने बांधून तिची आणि गंजीवरची अशा दोन्ही साखळ्या आणल्या होत्या.

घाटात आभाळ काळं झालं आणि गार सुरू झाली. आधी हरभऱ्याएवढी, मग लिंबाएवढी. टपावर असा आवाज की कुणाचं कुणाला ऐकू येईना. पंधरा मिनिटांत रस्ता पांढरा. चढाला जीप मागे घसरली, कडेच्या दगडावर आपटली आणि मागचं डावं चाक फुटलं. नवरीच्या बांगड्यासुद्धा फुटल्या नाहीत, फक्त चाक फुटलं.

गार थांबली. काकासाहेब खाली उतरले. समोर सगळा घाट पांढराशुभ्र. त्यांनी वाकून मूठभर गारा उचलल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बर्फ," ते म्हणाले.

माझा काढलेला कांदा शेतात उघड्यावर पडला होता आणि हा माणूस आनंदाने रडत होता. मला त्यांचा असा राग आला की त्याच गारा त्यांना फेकून माराव्यात.

"काका, धा मिनिटात बदलतो," करणने जॅक काढला.

"हात लावू नको!" काकासाहेब ओरडले. त्यांचा आवाज बदलला होता, एकदम एसटीचा झाला होता. "समदे उतरा. डोंगराच्या बाजूला, लांब. नवरीला आधी."

निकिता, गार परत पडेल म्हणून, डोक्यावर रुखवताची परात धरून डोंगराला टेकून उभी राहिली. काकासाहेबांनी नट सैल केले, फळी मागितली, मामीने पाट दिला. मग साखळ्यांच्या कड्या तपासता तपासता ते बनुबाईंना म्हणाले, "पुढच्या चाकामागं लाव काहीतरी. घट्ट." आयुष्यात पहिल्यांदा बायकोला ह्या कामात घेतलं, आणि लावलेलं बघायला विसरले.

जीप वर गेली. फुटलेलं चाक निघालं. काकासाहेबांनी ते गाडीखाली आडवं सरकवलं.

"कशाला ती नसती कामं, मुहूर्त जाईल," करण कुरकुरला.

तेवढ्यात एक नट घरंगळत गाडीखाली गेला. सगळ्यांना लांब उभं केलं होतं, पण कल्याण एकतीस वर्षं ह्या माणसाबरोबर काम केलेला, त्याला कोण लांब ठेवणार? तो गुडघ्यावर बसला आणि त्याने नटासाठी हात आत घातला. उजवाच.

"हात!" काकासाहेब किंचाळले.

पुढून काहीतरी टप् करून फुटलं. जीप मागे सरकली, जॅक कलंडला आणि गाडी धाडकन खाली आली. आडव्या चाकावर. त्या चाकामुळे गाडी आणि जमीन ह्यांच्यामध्ये जी वीतभर जागा राहिली, त्या जागेत कल्याणचा हात होता.

कल्याणने तो सावकाश बाहेर काढला. मुठीत नट होता. काकासाहेबांनी गारांत फतकल मारली, त्याचा हात ओढून घेतला आणि बोटं मोजायला लागले. एक, दोन, तीन. परत एक, दोन, तीन.

"तीनच हायेत रे!" त्यांनी हंबरडा फोडला.

"आरं ड्रायव्हर, तीनच हुती की!" कल्याण म्हणाला.

मग तो हसला, आणि हसता हसता त्याचंही तोंड वाकडं झालं. आम्ही सगळे इकडेतिकडे बघू लागलो. मी कांदा विसरलो होतो.

पुढच्या चाकामागे नारळाच्या कवट्या पडल्या होत्या.

"दगुड कुठं हाय?" काकासाहेबांनी विचारलं.

"शुभकार्याला निघालोय, दगुड कसा ठिवू?" बनुबाई म्हणाल्या. "नव्या गाडीची पूजा करताना चाकाखाली काय ठेवत्यात, लिंबू न्हाईतर नारळ. वटीतला हुता, लावला." बोलता बोलता त्यांची नजर कल्याणच्या हातावर गेली आणि त्यांनी स्वतःच जाऊन रस्त्याकडेचा एक मोठा दगड आणून ठेवला. त्यानंतर मामीने फुटलेल्या नारळाचा प्रसाद वाटला. वाया कशाला घालवायचा?

दुसऱ्या खेपेला काकासाहेबांनी चारही दगड स्वतः लावले आणि प्रत्येकाला लाथ मारून बघितली. स्टेपनी बसली. मग साखळ्या. अंथरल्या, चाकावर चढवल्या, आतलं कडं, बाहेरचं कडं, ताण बघून परत घट्ट. मागची दोन्ही चाकं अशी दागिन्यांनी सजली की नवरी फिकी दिसावी. काकासाहेब उठून उभे राहिले, कंबर सरळ केली आणि रस्त्याकडे वळले.

रस्ता काळा होता. ऊन पडलं होतं. वैशाखातली गार ती, किती टिकणार? वितळून पार ओहोळ झाले होते, डांबरातून वाफ निघत होती.

निकिता काकासाहेबांना म्हणाली, "आबा, राहू द्या घातलेल्या. वाजत जाऊ आपन."

काकासाहेबांनी मान हलवली. "सुक्या रस्त्याला साखळी घालायची न्हाई. टायर खराब हुतो. नियम हाय." आणि ते खाली बसून कड्या सोडवू लागले. माझा उरलासुरला कांदा गेला तरी चालेल, पण आणखी पाच मिनिटं गार पडावी, असं मला तेव्हा वाटलं. खोटं कशाला सांगू?

आम्ही सात वाजून दहा मिनिटांनी मांडवात पोचलो. मुहूर्त टळला म्हणून रडारड व्हायची, पण भटजी आमच्याही नंतर आले. गारांत त्यांची मोटारसायकल घसरली होती.

आकितीला सकाळी हैदरभाई दारात आला. बनुबाईंनी त्याला एक मोडकी छत्री आणि फुटका स्टोव्ह दिला.

"आन साखळ्या?" त्याने विचारलं.

"म्हस धोतराला ऱ्हात न्हाई," त्या तुटकपणे म्हणाल्या. "रात्रीतून सुटली हुती." म्हैस मला गोठ्यात शांतपणे रवंथ करताना दिसत होती, धोतर गळ्यात तसंच होतं. साखळ्या देवळीत ठेवलेल्या होत्या, तेल लावून पुसलेल्या.

मग काकासाहेब, कल्याण, करण, हैदरभाई आणि मी, पाच जण गोरक्षनाथच्या हॉटेलात बसलो. कल्याणने उजवा हात वर केला. तीन बोटं. काकासाहेबांनी सवयीने खाली बघितलं आणि तोंड उघडलं.

कल्याणने डावा हात वर केला आणि त्याची दोन बोटं उजव्याच्या शेजारी नेऊन लावली.

गोरक्षनाथने मोजून पाच चहा आणले. कल्याणने पहिला काकासाहेबांपुढे सरकवला. काकासाहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलून एक घोट घेतला.

"साखर लई घालतो हा," ते म्हणाले.

"बावीस वर्सं तसाच करतोय," कल्याण म्हणाला. "पी गप."