डी ड्राइव्हमधला आवाज

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासोबत एक नियमही आला. लाखनीत हायवेला लागून ज्याचं दुकान होतं तो कॉम्प्युटरवाला अधूनमधून घरी यायचा, खुर्चीत बसून चहा प्यायचा, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचा आणि जाताना दर वेळी तेच सांगायचा, "सी उडते जी, डी राहते. कामाचं जे असन ते डीमंधी ठेवत जा." एकाच डब्यातला एक कप्पा उडतो आणि दुसरा कसा राहतो, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारून मला समजणार होतं थोडंच. पण घरातल्या प्रत्येकाला ते पाठ झालं. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांच्या घरातले, पंचशील बोलायला लागल्यापासून तोंडात. माझी मुलगी थट्टेने म्हणायची, डीमध्ये ठेवणं हे आपल्या घरचं सहावं शील आहे.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. धानाची शेती आम्हा दोघांची एकत्र, चूलही एकच. पण पंचक्रोशीत त्याला ओळखायचे ते शेतीमुळे नाही. बौद्ध पद्धतीचं लग्न असलं की ते लावायला त्याला बोलावणं यायचं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि आवाज. माइक बंद पडला तरी त्याचं अडत नसे. त्याने त्रिशरण म्हणायला सुरुवात केली की जेवणाकडे वळलेली माणसंसुद्धा परत येऊन उभी राहायची. पुढचा एक ओळ म्हणतो आणि नवरा-नवरीसह अख्खा मंडप ती मागून म्हणतो, अशी ती रीत. दादाच्या मागून म्हणणं सोपं असायचं, कारण तो थांबायचा, लोकांना श्वास घेऊ द्यायचा. बाकीचे लग्न लावणारे गाडी सुटत असल्यासारखे पळतात.

त्या आवाजाला खर्रा लागला, तंबाखू-सुपारीचा. आमच्याकडे खर्रा खात नाही असा माणूस दाखवा आणि बक्षीस घ्या. प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा, चिमूटभर गालात धरायचा आणि दुसऱ्याला शीलाचं महत्त्व सांगायचं. मी किती वेळा भांडलो असेन. तो हसून पन्नी माझ्यापुढे करायचा. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सर आहे, गळ्यातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही.

दादाने जिवाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं. त्याची एकुलती मुलगी लग्नाची होती. अर्ध्या तालुक्याच्या पोरींची लग्नं त्याने लावली आणि स्वतःच्याच पोरीचं दुसऱ्या कोणी लावायचं, हे त्याला सोसत नव्हतं. तेव्हा माझ्या मुलीने मार्ग काढला. ऑपरेशनच्या आधी कॉम्प्युटरवर त्याचा आवाज भरून ठेवायचा आणि लग्नात तो लाऊडस्पीकरवर लावायचा.

त्या दिवशी आम्ही पंखा बंद केला, हायवेकडची खिडकी लावली, तरी एखादा ट्रक घरघरत जायचाच. दादा पांढरे कपडे घालून मशीनपुढे उभा राहिला. बसून म्हणता येत नाही म्हणाला. त्रिशरणापासून आशीर्वादापर्यंत त्याने सगळं म्हटलं आणि प्रत्येक ओळीनंतर मागून म्हणणाऱ्यांसाठी जागा सोडली. खोलीत मी होतो, वहिनी होती, पण मुलीने ओठांवर बोट ठेवलेलं, म्हणून आम्ही गप्प. त्या रिकाम्या जागा मला फार जड गेल्या. सवयीने ओठ हलायचे आणि मी ते दाबून धरायचो. संपल्यावर दादा घाम पुसत म्हणाला, "आता कवाही होऊ दे लगन."

पुतणीने ते रेकॉर्डिंग ऐकलं नाही. आधीच ऐकलं तर त्या दिवशी काय उरेल, म्हणाली.

ऑपरेशन झालं. दादाच्या गळ्याला भोक पडलं, त्यावर तो पांढरा दुपट्टा गुंडाळायचा. मोठं काही सांगायचं तर पाटीवर लिहायचा, एरवी हातानेच बोलायचा. खांद्यावर थाप म्हणजे शाब्बास, थाप म्हणजे चालू दे, थाप म्हणजे ऐक, आणि थाप म्हणजे भूक लागली. एका हाताने माणूस किती बोलणार.

मग दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून घरी आली ती एक सीडी घेऊन. कॉलेजात विंडोजऐवजी लिनक्सवर काम करावं लागतं, म्हणून घरच्या मशीनमध्ये ते टाकायचं होतं. चांगलं चालणारं यंत्र उघडून बसणं हे मला विकतचं दुखणं वाटलं.

"विंडोज जाईन ना मग?" मी विचारलं.

"नाई बाबा, दोन्ही राहतात. सुरू करतानी थेच विचारते, कोनतं पायजे म्हनून."

"म्हणजे एका घरात दोन चुली."

"तसंच समजा."

पोरगी काही बेफिकीर नव्हती. नियम सगळ्यांना पाठ असला तरी पाळला कोणीच नव्हता, सीमध्ये विंडोज आणि सगळं कामाचं. दादाचा आवाजही तिथेच, समोरच्या डेस्कटॉपवर होता. त्याला हात लावायचा नाही, असं तिने ठरवलं. डी उघडून पाहिली तर त्यात हिंदी सिनेमे आणि काही फोटो. फोटो तिने पेन ड्राइव्हवर काढले. डी रिकामी करायची आणि तिथे नवं बसवायचं. उद्या नवं टाकायचं, एवढंच तिने सगळ्यांना सांगून ठेवलं.

आणि त्याच संध्याकाळी दादा कोणाला न सांगता मशीनपुढे बसला. आवाज गेल्यापासून तो त्यावर पत्ते खेळायचा, माउस चांगला चालवायचा. उद्या मशीनची चिरफाड होणार आणि आपला आवाज तर सीमध्ये. सी उडते. त्याने तो उचलला आणि डीमध्ये नेऊन ठेवला. आमच्यापैकी कोणीही हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी बसली. मी बाजेवर पडून टोमणे मारत होतो. दादा तिच्या मागे उभा होता. पडद्यावर सगळं इंग्रजी, आणि आमच्या ओळखीचे सी-डी कुठेच नव्हते. त्यांच्या जागी लांबलचक नावं आणि आकडे. मुलीने आकार पाहून ताडलं आणि स्वतःशीच बोलावं तसं बोलली, "हा मोठा हाय ना, हा डी. हा पुसतो आन् याच्यातच टाकतो. सीले हातच लावत नाई."

दादाचा हात तिच्या खांद्यावर पडला. पुन्हा पडला, जोरात.

"हो मोठेबाबा, झालंच," ती मागे न पाहता म्हणाली.

मी दादाकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं, मान पुढे ताणलेली, दुपट्टा फुलत होता आणि बसत होता. भोकातून नुसता वारा येत होता. मला वाटलं त्याला ठसका लागला. मी उठत म्हणालो, "पाणी देऊ का?"

तोवर तिने बटण दाबलं होतं.

दादाने टेबलावर हात आपटला, मग आतल्या खोलीत पाटी आणायला धावला. तो लिहून आणेपर्यंत पडद्यावरची पट्टी सरकायला लागली होती. पाटीवर होतं, 'आवाज डीत ठेवला.'

मुलीने मशीनची वायरच ओढली. मग ती त्याच्याकडे वळून ओरडली, "मोठेबाबा, तुमी मले सांगितलं काहून नाई?" आणि बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय विचारलं ते. दादानेच तिला जवळ घेतलं. मी मात्र तापलो होतो, पण तापायचं कोणावर? पोरीने सांगूनसवरून केलं, दादाने जपायलाच केलं. मी अंगणात जाऊन उगाच बैलांवर खेकसलो.

कॉम्प्युटरवाल्याने मशीन पाहून मान हलवली. पुढे नागपूरच्या एका दुकानात नेलं. त्यांनी बरंच काही परत काढून दिलं. सिनेमे तर सगळे आले, एका नाचालाही धक्का लागला नव्हता. आवाजाच्या जागी मात्र नवं काहीतरी लिहिलं गेलं होतं, ते येणार नाही म्हणाले. मी त्या माणसाला पुन्हा पाहा म्हटलं. त्याने पुन्हा पाहिलं. मी आणखी एकदा म्हणालो, तेव्हा तो माझ्याकडेच पाहायला लागला.

कॉलेजचं काम होतं, म्हणून मुलीने रडत रडत लिनक्स पुन्हा टाकलं. ते उत्तम चाललं. मशीन सुरू केलं की दोन नावं यायची आणि कोणतं हवं ते विचारायचं. दोन्ही सुखाने नांदत होती. मला त्या पडद्याचा इतका राग यायचा की मी मशीन लावणंच सोडलं.

पुतणीचं लग्न उन्हाळ्यात झालं. लग्न लावायला कोंढ्याकडचे एक गृहस्थ आले, सज्जन माणूस, पण घाईचा. दादा पांढरे कपडे घालून मंडपात अगदी पुढे, आपल्या मुलीच्या समोर उभा राहिला. त्रिशरण सुरू झालं. मंडप मागून म्हणायला लागला. थोड्या वेळाने मला जाणवलं की नवरी सगळ्यांच्या मागे पडते आहे. नवरदेवाची ओळ संपायची तेव्हा तिची सुरू व्हायची. बायका कुजबुजल्या, घाबरली असेल म्हणून. मी नीट पाहिलं. ती माइककडे पाहतच नव्हती. दादाचे ओठ हलत होते, त्याच्या नेहमीच्या चालीने, ओळीनंतर जागा सोडत, आणि ती त्यांच्यावर नजर लावून त्यांच्या मागून म्हणत होती. पंचशीलातल्या पहिल्याच, पाणातिपाताच्या ओळीपुढे दादाचे ओठ कापायला लागले आणि थांबले. तीही थांबली. माइकवरचा माणूस पुढे निघून गेला.