चोवीस खाटांची अठरा पानं

मार्लिस केस्किनेन काम करताना कधी धावली नाही. टेकडीवरच्या हॉस्पिटलात ती अडतीस वर्षं नर्स होती. त्यातली चौतीस वर्षं मी खाली बॉयलरवर होतो. धावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती दोनदा जातात, कारण पहिल्या खेपेला काहीतरी विसरतात. मार्लिस एकदाच जायची.

ती माझी शेजारीणही. मी निवृत्त झालो त्या वर्षी तिनं मला सांगितलं, "ऑर्विल, आता रोज सकाळी चालायला जा. नाहीतर तुझं पोट बॉयलरएवढं होईल." मी गेलो नाही. झालं.

ही गोष्ट तिच्या शेवटच्या कराराची. जूनमध्ये ती निवृत्त होणार होती आणि मार्चमध्ये नर्सांचा करार संपत होता. तीन वर्षांपूर्वीच्या वाटाघाटींत मार्लिसच युनियनकडून टेबलावर बसली होती. एका नर्सकडे किती पेशंट, हा आकडा तेव्हा करारात लिहून घ्यायचा होता. हॉस्पिटलनं सांगितलं, लिहायची गरज नाही, आम्ही शब्द देतो. मार्लिसनं शब्द घेतला. सहा महिन्यांत तिच्या वॉर्डात चोवीस खाटांना चार नर्स उरल्या, म्हणजे एकीला सहा पेशंट. एका दुपारी ती एकाची जखम बांधत असताना पलीकडच्या खोलीतले एक म्हातारे पेशंट, धंद्यानं सुतार, एकटेच उठले, पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. घंटा त्यांनी तीनदा वाजवली होती. मार्लिसला ती ऐकू येत होती, पण हातातली पट्टी सोडता येत नव्हती.

सुतार बरे झाले. काठी घेऊन चालतात, मासेही पकडतात. पण मार्लिस तेव्हापासून एकच म्हणायची, "शब्द माझ्यामुळे घेतला गेला. आकडा लिहून घेतल्याशिवाय मी जाणार नाही."

या खेपेला युनियननं मागितले दिवसा चार पेशंट, रात्री पाच. हॉस्पिटलनं शिकागोहून एक वकील आणला. स्टॅनहोप नावाचा, बूट फार चकचकीत. वाटाघाटी खुल्या होत्या, कोणीही मागे बसून ऐकावं. कॉफीचं चाळीस कपांचं भांडं उचलायला माणूस हवा म्हणून मला नेत. मी उचलायचो आणि बसायचो.

पहिल्याच दिवशी स्टॅनहोपनं आपली बाजू पक्की बिघडवली. मार्लिसनं लिंबाच्या वड्या केल्या होत्या. आमच्याकडे ताटातला शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. जो येतो तो अर्धा कापतो, पुढचा त्याचा अर्धा कापतो, शेवटी नखाएवढा उरतो आणि तो घरी परत जातो. स्टॅनहोपनं शेवटची वडी अख्खी उचलली, तोंडात टाकली आणि बोटं चाटली. दोन्ही बाजूंच्या माणसांनी खाली पाहिलं.

मग तो म्हणाला, "आम्ही एक पाऊल पुढे येतो. सहाच्या जागी सरासरी साडेपाच."

मार्लिसनं चष्मा काढला. "अर्धा पेशंट कुठला द्याल? वरचा की खालचा?"

"ती सरासरी आहे, बाई."

"सरासरी घंटा वाजवत नाही."

असे पाच आठवडे गेले. साडेपाचावरून ते हलले नाहीत. नर्सांनी मतदान केलं, शंभरात एक्याण्णव जणींनी संपाला हो म्हटलं. कायद्यानं दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती दिली. मग माझं गॅरेज गेलं. त्यात फलक, काठ्या, रंगाचे डबे, कॉफी, आणि शेजारपाजारच्यांनी आणलेल्या हॉटडिशची, म्हणजे ओव्हनमधल्या गरम जेवणाची, इतकी भांडी की माझी गाडी बाहेर बर्फात.

संपात बाहेर उभं राहणाऱ्यांसाठी शेकोटीचे ड्रम मी केले. चार. तळापासून चार इंचांवर सोळा भोकं. जास्त पाडली तर लाकूड भसाभसा जळतं, कमी पाडली तर धूर होतो. हे मी केल्सीला सांगितलं. केल्सी ही सव्वीस वर्षांची नर्स, मार्लिसच्याच वॉर्डातली, फलकांची जबाबदारी तिची. ती काठीला दोन खिळे मारत होती.

"चार मार," मी म्हणालो.

"दोन पुरतात, ऑर्विल."

"सरोवरावरून वारा आला की तुझा फलक गरगर फिरेल. लोक वाचणार कसे? मान फिरवून?"

"म्हाताऱ्या, हे फलक आहेत, जहाज नाही!"

पण तिनं चार मारले. अंगठ्यावर एक घाव बसला. मग ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

त्याच दिवशी तिला कळलं मार्लिसनं काय केलंय. संपाच्या दिवशी हॉस्पिटल बाहेरून बदली नर्स आणणार होतं. त्यांच्यासाठी प्रत्येक वॉर्डाला एक फॉर्म भरायला दिला होता, एका पानाचा. औषधाचं कपाट कुठे, फोन कुठला, एवढंच. युनियननं सांगितलं होतं, तेवढंच भरा. मार्लिसनं तो भरला आणि मागे अठरा पानं जोडली. चोवीस खाटा, प्रत्येक खाटेचं वेगळं. नाव नाही, फक्त खाटेचा नंबर. कुणाला कुठल्या कुशीवर झोपवायचं, कोण दुखत असूनही दुखत नाही म्हणतं, कुणाच्या बायकोला फोन करताना आधी "सगळं ठीक आहे" म्हणायचं.

आणि अठराव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, काही अडलं तर मला फोन करा. खाली तिचा स्वतःचा नंबर.

केल्सीनं हातोडी खाली ठेवली. "मार्लिस, तू संप करतेयस की त्यांना शिकवणी लावतेयस?"

"पेशंट संपावर नाहीत."

"संपफोड्यांना आपला नंबर दिलास! उद्या त्यांना डबाही दे!"

"थंडी असेल तर कॉफी देईन," मार्लिस म्हणाली. "अगं, रात्रीचं काम सकाळी दुसरीच्या हातात देताना आपण सगळं सांगतो ना? मी पाळी सोडतेय. दुसरी कोणीतरी घेतेय. एवढंच मला कळतं."

बाकीच्यांचंही मन केल्सीकडे होतं. मला विचाराल तर माझंही. बॉयलर दुसऱ्याच्या हातात देताना मीही नोंद लिहायचो. पण अठरा पानं?

संपाला तीन दिवस उरले होते. मंगळवार दुपार. गॅरेजात आठ-नऊ जणी होत्या, मार्लिसचे हात लाल रंगानं भरलेले. तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. "केल्सी, तो मोठ्यानं लाव, माझे हात बरबटलेत."

केल्सीनं लावला. पलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"मार्लिस आहेत का? मी वॉनेटा, अलाबामातून. तुमच्या जागी ज्या पोरी येणार ना, त्या मी पाठवते."

केल्सीनं डोळे एवढे मोठे केले.

"बोला," मार्लिस म्हणाली.

"बाई, तुमची अठरा पानं वाचली. दोनदा वाचली. बावीस वर्षं या धंद्यात आहे, संपावर जाणाऱ्या कुणी असं लिहून दिलेलं पाहिलं नाही. एकच विचारायचंय. खाट अकराचे आजोबा. गोळी सफरचंदाच्या गरात द्या म्हणता. चुरून की अख्खी?"

"अख्खी. चुरली की थुंकतात."

"वाटलंच मला. माझे वडीलही तसेच." वॉनेटा हसली. "आणि हे एवढं सगळं तुम्ही चौघी करता?"

"चौघी."

"अरे देवा! मी तुमच्या साहेबांना तोंडावर सांगितलं, ही पानं वाचल्यावर सहाजणींच्या खाली माझी एकही पोरगी विमानात बसणार नाही. एकीला चार पेशंट, त्याच्यावर एक नाही. त्यांनी काल सही केली. तुम्हाला ठाऊकच असेल."

मार्लिसनं रंगाचा ब्रश डब्यात उभा ठेवला. अगदी हळू. "नाही," ती म्हणाली, "ठाऊक नव्हतं. पण बरं झालं सांगितलंत. अजून काही अडतंय?"

"खाट सतरा. ते गातात असं लिहिलंय."

"गाऊ द्या. थांबले की बघायला जा."

फोन बंद झाला. मग केल्सी एवढ्या जोरात ओरडली की माझ्या शेल्फवरून खिळ्यांचा डबा पडला. ते खिळे मी एकट्यानं वेचले.

बुधवारी सकाळी शेवटची बैठक. मी भांडं उचललं. टेबलाच्या पलीकडे स्टॅनहोप आणि हॉस्पिटलची मुख्य नर्स जोसलिन, जी वीस वर्षांपूर्वी मार्लिसच्या हाताखाली शिकली होती. ताटात लिंबाच्या वड्या होत्याच.

मार्लिसनं कागद काढला नाही. विचारलं, "संपाच्या दिवशी माझ्या वॉर्डात किती नर्स असतील?"

"ते आमचं आम्ही बघू," स्टॅनहोप म्हणाला.

"सहा. सोमवारी सही केलीत."

स्टॅनहोपचं पेन थांबलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वॉनेटानं. सफरचंदाच्या गराबद्दल विचारायला तिनं फोन केला होता."

त्यानं जोसलिनकडे पाहिलं. जोसलिन ओठ दाबून ताटाकडे बघत होती.

"म्हणजे असं," मार्लिस म्हणाली. "आम्ही कामावर असलो की चौघी. आम्ही बाहेर थंडीत उभ्या राहिलो की आत सहाजणी. आम्ही गेल्यावर पेशंटची जास्त नीट काळजी होणार. मग आम्हाला जायलाच हवं. मी अडवणारी कोण?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मीच असेन.

जोसलिन म्हणाली, "मिस्टर स्टॅनहोप, जरा बाहेर येता?"

ते दोन तास बाहेर होते. आम्ही कॉफी संपवली. वड्या अर्ध्या, मग पाव होत गेल्या, पण एक अख्खी राहिली होती, तिला कोणी सुरी लावली नव्हती. परत आले तेव्हा स्टॅनहोपच्या हातात एक पान होतं. दिवसा चार, रात्री पाच. सरासरी नाही, प्रत्येक पाळीला. मार्लिसनं ते तीनदा वाचलं. मग केल्सीला वाचायला दिलं. "मोठ्यानं वाच. गेल्या खेपेला मी शब्द ऐकला होता. या खेपेला अक्षर ऐकायचंय."

केल्सीनं वाचलं. आकडे तिनं दोनदा वाचले.

स्टॅनहोपनं सुटकेचा श्वास सोडला आणि ताटाकडे हात केला. मार्लिसचा हात आधी पोचला. तिनं शेवटची वडी उचलली आणि खाल्ली. अख्खी. अडतीस वर्षांत मी तिला असं करताना पाहिलं नव्हतं.

"चांगली झालीय," ती म्हणाली. "मी कधी पूर्ण खाल्लीच नव्हती."

संध्याकाळी तिनं आधी वॉनेटाला फोन केला, विमानं रद्द करा म्हणून. वॉनेटानं वड्यांची कृती मागितली. मार्लिसनं ती पाठवली. तीन पानं.

गुरुवारी नर्सांनी करार मंजूर केला आणि शुक्रवारी, संप व्हायचा त्या सकाळी, केल्सी माझ्या गॅरेजात फलक काठ्यांवरून काढत बसली. दोन खिळे असते तर पाच मिनिटांचं काम. चार होते. ती प्रत्येक खिळ्याला माझं नाव घेऊन शिव्या देत होती, आणि मी गाडीवरचा बर्फ खरवडत होतो.