मावशीचा हात कशासाठी वर होता

मावशीशी कुणी ओरडून बोललेलं तिला खपायचं नाही. "ओरडू नका, सावकाश तोंड हलवा," म्हणायची, "ओरडणाऱ्याचे दात दिसतात, शब्द दिसत नाहीत." कान तिचे कारखान्यानं खाल्ले होते. लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या खोलीत मांजर चाललं तरी उठून बसायची म्हणे. पुढं दारावर बुक्के मारले तरी पत्ता नाही. म्हणून दाराला दोरी लावली होती, बाहेरून ओढली की आत तिच्या डोळ्यांसमोर एक फडकं हलायचं. ते हललं की म्हणायची, "आलं कुणीतरी डोकं खायला."

ती मागावर होती, कापड विणायच्या शेडमध्ये. शेड एवढी लांब की या टोकाचा माणूस त्या टोकाला बाहुलीएवढा दिसतो. सगळे माग एकदम चालू झाले की फरशी थरथरते, दात हलतात, बोलणं तर विसराच. तिथं सगळा कारभार हातांचा. करंगळी ओठाला लावली की पाणी प्यायला चालले. कानाची पाळी ओढली की मॅनेजर येतोय. पाळी ओढून पोटावर हात फिरवला की मॅनेजरच, पण जेवून येतोय, अर्धा झोपेत आहे, घाबरू नका. आणि हात सरळ वर, पंजा उघडा, तसाच धरून ठेवला की अर्थ एकच. थांबवा. काहीतरी चुकलंय, बंद करा. हा हात जिला दिसेल तिनं आपलाही वर करायचा, मग तिच्या पलीकडचीनं, असा तो हात जॉबरपर्यंत पोचायचा. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, माग फिरवणारा पट्टा थांबवायचा दांडा त्याच्याकडे. का, कशाला, विचारत बसायचं नाही. आधी हात, मग विचार. नव्या बाईला धागा जोडायला नंतर शिकवायचे, आधी हे.

धाकट्या दिराला कामाला लावलं ते मावशीनंच. घरी नुसता लोळत असायचा. काका, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, "एवढं याचं बघ गं." तिनं जॉबरच्या हातापाया पडून त्याला आपल्या शेजारच्या मागावर उभा केला. काम बेताचंच, पण आवाज असा की चालू शेडमध्येही थोडाफार कळायचा. नाव पडलं भोंगा. पाळी सुटली आणि कारखान्याचा भोंगा झाला की बायका म्हणायच्या, "वहिनी, चला, तुमचे भाऊजी बोलावतायत." तो तिला वहिनी म्हणायचा म्हणून सगळी शेड वहिनी म्हणायला लागली.

एकदा हा बाह्यांची बटणं सोडून मिरवत होता. बाही पट्ट्यात गेली. ओरडला असणार जीव खाऊन, पण त्या दिवशी भोंगाही कुणाला ऐकू गेला नाही. मावशीनं वळून बघितलं आणि हात वर केला. तिच्यामागं रांगच्या रांग हात उठले, पट्टा थांबला. कोपरापर्यंत कातडं सोललं, पण हात राहिला. आजही उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घालतो. लोकांना वाटतं पुढारी माणूस, कसा टापटीप राहतो. आत काय आहे ते आम्हाला माहीत आहे.

खोटं कशाला बोलू, युनियन आधी चांगली होती. प्यायचं पाणी शेडमध्ये आलं ते युनियनमुळं. पोटुशी बाईला बसायला स्टूल मिळालं, धूळ ओढणारे पंखे लागले, तेही तिच्यामुळंच. गेटवर उन्हात बसायला बायका आणि बोलायला भोंगा, अशी वाटणी होती. बोलायचा छान. बोलता बोलता पुढारी झाला, माग सुटला, ऑफिस मिळालं, गोल फिरणारी खुर्ची मिळाली. मावशी म्हणायची, "फिरू दे, उतरला की चक्कर येईल." तेव्हा मायेनं म्हणायची.

मग मालकानं नवे माग आणायचं काढलं. गेटवर बोर्ड लागला, देशात आर्थिक सुधारणा होतायत, आपणही सुधारलं पाहिजे. म्हणजे काय, तर एका बाईनं दोनाऐवजी चार माग सांभाळायचे. मावशी म्हणाली, "म्हणजे एक बाई चार ठिकाणी आणि दुसरी घरी. यात सुधारलं कोण?" युनियनचं ठरलं होतं, दोन म्हणजे दोनच. भोंग्यानं गेटवर शपथ घेऊन सांगितलं होतं.

हॉलमध्ये सभा झाली तेव्हा स्टेजवर भोंग्याशेजारी मॅनेजर. कैची म्हणून एक आहे, मावशीच्या मागच्या मागावरची, जिभेवरून नाव पडलेलं, ती म्हणाली, "हा इथं कशाला? वर्गणी भरतो का आपली?" भोंगा मान खाली घालून ठराव भराभर वाचायला लागला. वाचणाऱ्याचे ओठ दिसेनात, मावशीला काही कळेना. एकदा त्यानं मान वर केली आणि तेवढेच शब्द तिला ओठांवर दिसले. चार माग.

तिनं हात वर केला. सरळ, पंजा उघडा. थांबवा.

कैचीनं बघितलं, तिनं केला. मग तिच्या मागचीनं, मग सगळ्या हॉलनं. आधी हात, मग विचार. अंगात भिनलेलं होतं ते. भोंग्यानं वहिनीकडे बघितलं, अगदी डोळ्यांत. मग बोटानं हवेत मोजल्यासारखं केलं आणि माईकवर म्हणाला, "एकमतानं मंजूर." मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या. बायकांचे हात अजून वरच होते, कारण थांबवलं कुठं होतं कुणी.

निम्म्या बायका घरी बसल्या. मावशीला मात्र ठेवलं, आणि तेच विष झालं. बायका म्हणाल्या, पहिला हात हिचाच, दिराशी संगनमत. नळावर ती आली की बादल्या बाजूला सरकायच्या. एक जण, जिच्या बाळंतपणात मावशी रात्रंदिवस राबली होती, ती दारात थुंकून गेली. मावशीला ऐकू येत नाही म्हणून तोंडासमोर येऊन बोलायच्या, सावकाश, एकेक अक्षर कळेल असं. "विकलंस. आम्हाला."

ती युनियनच्या ऑफिसात गेली. हे तिनंच आम्हाला कितीदा तरी सांगितलंय.

"भाऊजी, हात कशासाठी होता ते तुम्हाला माहीत आहे."

"वहिनी, सभेत हात वर केला म्हणजे होकार. जगात सगळीकडे तसंच असतं."

"तुमची बाही पट्ट्यात गेली तेव्हा मी होकार दिला होता का?"

त्यानं बाही खाली ओढली. म्हणाला, "झालं गेलं. कारखाना तर वाचला ना?"

"कारखान्याचं तुम्ही आणि मालक बघा. बायकांसमोर उभं राहून एकदाच सांगा, हात थांबवायला होते. माझ्या माथ्यावरचं तेवढं काढा. दुसरं काही मागत नाही."

"बघू."

"बघू म्हणाला तेव्हा तोंड नीट हलवलंन," मावशी सांगायची, "वाचण्यात माझी चूक नाही झाली."

दुसऱ्या दिवशी तिनं चारी माग बंद केले आणि घरी आली. मग पिशव्या शिवल्या, दुसऱ्यांची धुणी धुतली. भोंगा मोठा होत गेला, मंत्र्यांशेजारी फोटो, कामगारांचा कैवारी. घरच्या लग्नाकार्याला यायचा, "वहिनी, कशा आहात?" म्हणून पुढं यायचा. मावशी डोळे मिटून घ्यायची. दुसऱ्याला तोंड फिरवावं लागतं, कान झाकावे लागतात, तिला डोळे मिटले की पुरायचं. तो बोलून थकला की उघडायची आणि जेवायला बसायची.

पहिल्यांदा आली ती कैची. दोरी ओढून आत आली आणि म्हणाली, "वहिनी, मी स्वतः हात केला तो थांबवायला केला होता. माझा मला माहीत आहे, मग तुमचा कसा विसरले हो मी?" मावशी म्हणाली, "परत सांग, नीट वाचलं नाही." वाचलं होतं, चांगलं वाचलं होतं. परत बघायचं होतं. बाकीच्या मात्र आल्या नाहीत.

कापसाची धूळ छातीत साचली होती, ती शेवटी जिवावर उठली. दवाखान्यात नाकात नळी, बोलणं बंद. भोंगा आला तो एकटा नाही आला, फोटो काढायला माणूस घेऊन आला. आम्ही आणि कैची तिथंच होतो. हा पलंगावर वाकला आणि म्हणाला, "वहिनी, आता तरी राग सोडा. माफ केलंत ना?" मावशीनं त्या दिवशी डोळे मिटले नाहीत. त्याच्या ओठांकडे बघत राहिली, सगळं वाचलं. मग नळ्या लावलेला तो काडीसारखा हात उचलला. सरळ, पंजा उघडा, आणि धरून ठेवला. खाली येऊ दिला नाही.

आणि त्या माणसानं काय केलं? त्या पंजाखाली आपलं डोकं नेऊन घातलं. फोटो निघाला.

मावशी गेली. शोकसभा ठेवली त्याच हॉलमध्ये. स्टेजमागं तो फोटो, भिंतीएवढा, आमच्या मावशीचा हात आणि खाली याचं तेल लावलेलं डोकं. याचा आवाज अजून तसाच. म्हणाला, "शेवटच्या क्षणी वहिनींनी हात वर केला आणि मला आशीर्वाद दिला. आयुष्यभर त्यांचा हात माझ्या पाठीशी होता."

कैची उठली. गुडघे दुखतात तिचे, खुर्चीला धरून उठली. तोंडाची एवढी फटकळ बाई, पण शब्द नाही बोलली. हात वर केला. सरळ, पंजा उघडा. तिच्या मागच्या म्हातारीनं बघितलं, तिनं केला. मग पलीकडचीनं. शेडमधल्या जेवढ्या उरल्यात तेवढ्या सगळ्या, कुणाची काठी काखेत, कुणाचा हात खांद्याच्या वर जाईना म्हणून दुसऱ्या हातानं धरलेला. दारात थुंकून गेलेली होती, तिचाही हात वर, तोंड रडून रडून सुजलेलं.

भोंगा थांबला. बाही खाली ओढली. म्हणाला, "बसून घ्या. हात खाली घ्या, कृपया हात खाली घ्या."

म्हणजे कळत होतं त्याला. तेव्हाही कळत होतं.

कुणी खाली घेतला नाही. त्यानं माईक शेजारच्याच्या हातात कोंबला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागला. मग कैचीचं तोंड सुटलं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

"अहो भाऊजी, निघालात कुठं? मोजा की. त्या दिवशी कसे पटापट मोजलेत!"