पासष्टचा डॉलर

दिग्रसला आमच्या वस्तीत विहाराला लागून अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली तिथे बसतात. त्यांच्यासाठी वर्गणी काढून मोठ्या पडद्याचा एक कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं आणि खरेदीचं काम माझ्या मोठ्या भावाकडे आलं. तो विहार समितीचा कोषाध्यक्ष. त्याने यवतमाळच्या दोन-तीन दुकानांत चौकशी केली, बहात्तर हजारांत कॉम्प्युटर आणला आणि बिल समितीपुढे ठेवलं. तिथवर सगळं सुरळीत होतं.

मग वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. पाठवणारा आमच्याच वस्तीतला, बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा. वर्गणीत त्याचाही वाटा होता. फोटोत तिथल्या दुकानात मांडलेला हुबेहूब तोच कॉम्प्युटर आणि खाली किमतीची चिठ्ठी: सातशे डॉलर. सोबत एकच ओळ, ‘इथे हा असा मिळतो.’

त्याचे सख्खे काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तोंडी हिशेबात त्यांना मागे टाकणारा वस्तीत कोणी नाही. त्यांनी तिथल्या तिथे उत्तर टाकलं: पासष्टने गुणले तर साडेपंचेचाळीस हजार. वरचे साडेसव्वीस हजार कुठे गेले?

प्रश्नात भावाचं नाव नव्हतं, पण वाचणाऱ्या प्रत्येकाने ते घालूनच वाचलं. भावाने ग्रुपवर बिल पुन्हा टाकलं. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, “बिल तं कसंई बनते.” ते त्याच्या कानावर गेलं. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि विहाराच्या व अभ्यासिकेच्या चाब्या टेबलावर ठेवल्या.

“तूच देऊन दे समितीले. मले नाई जमत आता.”

“काहून?”

“इतके वर्स पैसा सांभाळला. कोनी चहाचा हिशेब नाई मांगतला. आता मी दिसलो का पोट्टे बोलनं बंद करतात.”

वहिनींनी नंतर सांगितलं, तो जेवण अर्ध्यावर टाकून उठतो.

माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली. एकट्या आकड्यावर बातमी लावायची नाही, हा तिथला नियम होता. आकड्यात काय धरलं आहे आणि काय वगळलं आहे, ते आधी विचारायचं. भावाबद्दल मला शंका नव्हती, पण भावाची हमी भावाने देऊन उपयोग नसतो. मी अमेरिकेतल्या मुलाला फोन केला. तो घाबरून गेला. “मी तं सहज टाकलता फोटो,” असं त्याने तीनदा म्हटलं. शनिवारी संध्याकाळी त्याच दुकानात जाऊन काउंटरवरून व्हिडिओ कॉल कर, एवढं मी सांगितलं. त्याची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमची रविवारची सकाळ.

रविवारी विहारात बुद्धवंदना झाल्यावर माणसं अभ्यासिकेत जमली. वहिनींनी भावाला जवळजवळ ओढतच आणलं. तो दाराशीच उभा राहिला. कॉल त्याच वादातल्या कॉम्प्युटरवर लावला. पडद्यावर दुकान आलं, मग काउंटर. तिथल्या मुलीने खोक्यावर बारकोडचं मशीन फिरवलं आणि आकडा उमटला.

“सातशे छप्पन!” अभ्यासिकेतल्या एका मुलीने वाचलं. “फोटोत तं सातशे होते.”

“टॅक्स लागला,” काकांचा पुतण्या पडद्यावरून म्हणाला. “इथं चिठ्ठीवर टॅक्स धरत नाई. काउंटरवर चढते. राज्या-राज्याचा येगळा.”

“छापील किमतीच्या वर?” काकांना ते पटेना. “आपल्या इथं पान्याच्या बाटलीवर दोन रुपये जास्त घेतले तं भांडन होते!”

“इथं कोनी भांडत नाई, काका.”

“मंग कायचा देश तो!”

अभ्यासिकेतल्या त्याच मुलीने मोबाइलवर डॉलरचा भाव पाहिला. अठ्ठ्याऐंशी.

“पासष्ट ना?” काका म्हणाले.

“काका, पासष्ट मी इकडं आलतो तवा होता.”

 मग दाराकडून भावाचा आवाज आला. “कंडक्टरसाहेब, तुमी रिटायर झाले तवाच्या तिकिटात आता यवतमाळले जाऊन दाखवा बरं!”

सगळी खोली हसली. काकाही हसले, जरा उशिरा.

पुढचं सोपं होतं. आपल्याकडे दुकानदार सांगतो ती किंमत कर धरून असते. बहात्तर हजारांतला अठरा टक्के जीएसटी बाजूला काढला की कॉम्प्युटरचे एकसष्ट हजार राहतात. तिकडचे सातशे डॉलर आजच्या भावाने एकसष्ट हजार सहाशे. काकांनी डोळे मिटून हिशेब केला. “म्हंजे आपल्याच दुकानदारानं सहाशेनं सस्ता देल्ला?”

“जवळपास,” मी म्हणालो.

कर धरून तिथे साडेसहासष्ट हजार, इथे बहात्तर. फरक साडेपाच हजारांचा. तिथलं राज्य आठ टक्के घेतं, आपल्याकडे अठरा जातात. फरक करातला होता, कोणाच्या खिशातला नव्हता. नेहमी इतकं जुळत नाही, हेही मी सांगितलं. सुटे भाग बहुतेक डॉलरात घेतले जातात, त्यामुळे रुपया उतरला की नवा माल महाग येतो आणि दुकानात जुन्या भावाचा माल असेल तर काही दिवस तो स्वस्त पडतो. हे शेवटचं कोणी ऐकलं नाही. पडद्यावरची मुलगी खोकं धरून अजून थांबली होती. पुतण्याने ओशाळून एक पेनड्राइव्ह विकत घेतला आणि कॉल बंद केला.

काकांनी मोबाइल काढला. एका बोटाने लिहायला त्यांना वेळ लागला. ग्रुपवर आलं: ‘हिशेब तपासला. बरोबर आहे. माझा डॉलर जुना होता.’ मग ते भावाजवळ गेले. “तोंडातून सुटलं, भाऊ.”

“तोंडातून कुठं? मोबाइलातून सुटलं,” भाऊ म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “अन् तू काय पाहून राह्यला? चाबी दे ना.”

चाब्या माझ्या सदऱ्याच्या खिशात होत्या. त्याने कपाट उघडून कॉम्प्युटरवर टाकायचं कापड काढलं, धूळ झटकली आणि मुलांना बसायला सांगितलं. नंतर विहाराच्या ओट्यावर पोहे आणि त्यावर ओतायचा झणझणीत रस्सा आला. वहिनींनी मला भावाच्या ताटलीकडे डोळ्यांनी खूण केली. त्याने दुसऱ्यांदा तर्री मागितली होती.